मागच्या खोलीचे कुलूप

देह हे भाड्याचे घर आहे, हे काकांना पूर्ण मान्य होते. परंतु त्या भाड्याच्या घराचे गुडघे निकामी झाले आणि ते घर चौथ्या मजल्यावर राहत असले, तर नुसत्या वैराग्याने भागत नाही. तळमजल्यावर दुसरे घर बघावे लागते.

गुडघे काकूंचे होते. इमारतीला जिना होता, लिफ्ट नव्हती. काकूंनी खाली उतरणे सोडले, तेव्हापासून खिडकीतून दोरीला बांधलेली एक टोपली खाली जात असे. टोपलीतून भाजी वर येई आणि काकूंचा आवाज खाली जाई. कोणाची सून रुसली, कोणाचा जावई आला, कोणाच्या नळाला पाणी नाही, हे सारे त्या खिडकीत जमा होई. पण माणूस वर येत नसे. चार जिने चढून गप्पा मारायला येण्याइतकी माया जगात शिल्लक असली, तरी तिलाही दम लागतोच. सगळी गल्ली काकूंची होती, आणि काकू गल्लीच्या नव्हत्या. त्यांना एवढेच हवे होते : दार उघडावे आणि दारात माणूस असावा.

काका कुलपे दुरुस्त करत आणि किल्ल्या बनवत. एका शिंप्याच्या दुकानाला चिकटून त्यांची एवढीशी टपरी होती. आत किल्ली घट्ट धरायचा एक शिकंजा, कानशी, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि बसायला एक स्टूल. गिऱ्हाइकाने उभेच राहायचे. बसला की बोलतो, आणि बोलला की घरचे सांगतो, असा काकांचा अनुभव होता. धंद्याची दीक्षा देताना त्यांच्या उस्तादांनी त्यांना एकच वाक्य सांगितले होते, "कुलूप उघडायचं, घर नाही." हे वाक्य काकांनी मंत्रासारखे जपले. शहरातल्या निम्म्या घरांच्या आत ते जाऊन आले होते. कोणाच्या कपाटात काय, कोणाच्या पेटीत काय, कोणत्या नवराबायकोंच्या खोल्यांना वेगवेगळी कुलपे, सारे डोळ्यांनी पाहिले आणि उंबऱ्यावरच सोडले. प्रत्येक घरात देव राहतो, आपण केवळ त्याच्या दाराची कडी हलवणारे, अशी त्यांची श्रद्धा होती. काकूंची श्रद्धा वेगळी होती.

"इतकी घरं बघता," त्या म्हणत, "कधी एक गोष्ट सांगाल तर शपथ! मी काय भिंतीशी लग्न केलंय?"

"भिंतीला कान असतात म्हणतात," काका म्हणत. "मी ऐकतोय ना."

अशा काकांना एक दिवस तळमजल्याचे विकाऊ घर सापडले. रस्त्यावरून थेट दारात. पुढे दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक लहानसे अंगण आणि अंगणापलीकडे मागची खोली. घरमालक हसरा माणूस होता. तो भिंती दाखवताना हसला, ओल दाखवताना जास्त हसला.

"ही मागची अडगळीची खोली," तो म्हणाला. "किल्ली हरवलीय. तुम्हाला काय काका, तुम्ही फुंकर मारली तरी उघडेल!"

काकांनी दाराकडे पाहिले आणि त्यांचा पाय जागीच थांबला. ते कुलूप त्यांनीच बसवले होते.

फार वर्षांपूर्वी या घरमालकाच्या बहिणीने त्यांना बोलावले होते. वडील नुकतेच गेले होते. "ही खोली वडिलांनी मला दिलीय, मी आहे तोवर," ती म्हणाली होती. "भाऊ चांगला आहे, पण विसराळू आहे. एकच किल्ली द्या. दुसरी करू नका." काकांनी एकच किल्ली दिली होती. कुलपाचे तोंड आजही घासून चकचकीत होते, म्हणजे त्यात रोज किल्ली फिरत होती. अडगळीला रोज कोणी भेटायला जात नाही.

बहीण तिथेच राहत होती, हे स्पष्ट होते. भावाने तिला विचारलेही नव्हते, हेही स्पष्ट होते. आणि हे कोणालाही सांगायचे नाही, हे तर सर्वांत स्पष्ट होते. कारण जे कळले होते ते कुलूप बसवताना, उंबऱ्याच्या आत कळले होते.

काका घरी आले. काकू दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"कसं आहे?"

"चांगलं आहे."

"आणि?"

"अंगण आहे."

काकूंचा चेहरा असा उजळला की काकांना पाणी प्यायचे निमित्त करून आत जावे लागले.

आता राहिला वकील. घरमालकाने तोही हसतहसत पुढे केला. "माझाच वकील दोघांचं काम बघेल. कशाला दोन दोन माणसं?" काकांच्या मनात आले, दोन घरांना एकच किल्ली लागत असेल, तर एक घर तरी उघडेच पडले म्हणायचे. त्यांना असा वकील हवा होता, ज्याला न सांगता सापडेल आणि सापडलेले जो गावभर करणार नाही. पहिल्या गुणाची परीक्षा त्यांना ठाऊक नव्हती. दुसऱ्याची त्यांनी स्वतः शोधून काढली. ते प्रत्येक वकिलाकडे जाऊन त्याच्या एखाद्या जुन्या पक्षकाराची चौकशी करू लागले.

घरमालकाच्या वकिलाने खुर्ची पुढे ओढली. "अहो, त्या डॉक्टरचं घर ना? बायकोच्या नावावर का केलं, माहितेय?" काकांना माहीत नव्हते. पाच मिनिटांत माहीत झाले. ते नमस्कार करून उठले.

दुसरे कार्यालय काचेचे होते. तिथे वकील भेटतच नव्हते, क्रमांक मिळत होता. काकांचा क्रमांक येईपर्यंत टेबलामागच्या मुलीने फोनवर तीन कुटुंबांची भांडणे खणखणीत आवाजात मिटवली. घर कोणत्या गल्लीत आहे हे तिथे कोणी विचारले नाही, तेव्हा काकांनी क्रमांक परत केला.

तिसऱ्या वकीलबाई त्यांच्याच रस्त्यावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर बसत. एक खोली, एक टेबल, एक पंखा. शेजारच्या शिंप्याच्या घराचे सारे काम याच बाईंनी केले होते आणि शिंपी त्यांचे गुण उठताबसता गात असे.

"आमच्या शिंपीदादांच्या घराचं काय झालं होतं हो?" काकांनी विचारले.

"कोण शिंपी?" वकीलबाई म्हणाल्या.

त्यांच्या अंगावरचा काळा कोट शिंपीदादांनीच शिवलेला होता. काकांनी तो महिनाभर त्यांच्या दुकानात टांगलेला पाहिला होता.

"नाही आठवत," वकीलबाई म्हणाल्या आणि कोटाची बाही नीट केली.

काकांना भरून आले. इतक्या वर्षांत त्यांना आपल्या पंथाचा माणूस प्रथमच भेटत होता.

"तोंडावर खोटं बोलली," काकू रात्रीच्या जेवणाला म्हणाल्या, "आणि तुम्ही तिला काम देऊन आलात?"

"खोटं नाही. झाकून ठेवलं."

"आणि तुम्ही तिला काय सांगितलंत घराबद्दल?"

"काही नाही."

"म्हणजे ती बोलत नाही आणि तुम्ही सांगत नाही! मग कागद काय आपले आपण बोलणार आहेत?"

हा प्रश्न रास्त होता. काकांनी त्याचा विचार केला नव्हता. वकीलबाईंनी विचारले होते, "हे घर तुम्हाला आधीपासून माहीत आहे का?" आणि काका पंख्याकडे बघत राहिले होते. वकीलबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग पंख्याकडे पाहिले, आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. अशी ती भेट अत्यंत समाधानात आणि निष्फळ पार पडली होती.

परंतु वकीलबाई चार जिने चढून वर आल्या. "ज्या सही करणार त्यांना बघितल्याशिवाय मी कागद करत नाही," म्हणत त्या धापा टाकत खुर्चीवर बसल्या. काकूंच्या दारात माणूस आला होता. काकूंनी त्यांना गुडघ्यांपासून सुरुवात करून सर्व सांगितले. टोपली सांगितली, खिडकी सांगितली, न सांगणारा नवरा सांगितला. वकीलबाईंनी दोन वेळा चहा घेतला. त्यांनी ऐकले सगळे, पण शेवटच्या भागाला मात्र चहाचा कप खाली ठेवला.

"काका कुठल्याच घराचं काही सांगत नाहीत?"

"मेले तरी सांगणार नाहीत!"

"बरं," वकीलबाई म्हणाल्या.

त्या घर बघून आल्या आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर येऊन उभ्या राहिल्या. काकांनी कानस खाली ठेवली.

"काका, पक्षकार म्हणून नाही, कामासाठी आलेय. मागच्या खोलीचं कुलूप उघडायचंय. किल्ली हरवलीय म्हणतात. येता?"

"नाही," काका म्हणाले.

"जमणार नाही?"

"जमेल. पण ज्याचं कुलूप, त्यानं बोलवायला हवं."

"मालकच बोलावतायत."

शेजारी शिंप्याचे यंत्र खडखडत होते. काकांच्या डोळ्यांपुढे ते अंगण आले, अंगणात खुर्ची, खुर्चीत काकू, आणि येणाराजाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या दारात थांबतोय. आपण आता मान हलवली तर खोली मालकाच्या हाती, आणि ते अंगण आपले. हलवली नाही तर टोपली, दोरी आणि चौथा मजला. मान त्यांनी हलवली नाही.

मालक बोलावूनही काका येत नाहीत, म्हणजे कुलूप दुसऱ्या कोणाचे, एवढे वकीलबाईंनी मनात जुळवले.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला काही सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

"मीही काही ऐकलं नाही."

त्या संध्याकाळी वकीलबाई पुन्हा त्या घरी गेल्या. घर दाखवले जाई दुपारी; रुग्णालयाच्या धुलाईघरातून बहीण परत येई संध्याकाळी. तिने पदराच्या गाठीतून किल्ली काढली, कुलूप उघडले आणि दारात उभ्या असलेल्या परक्या बाईला विचारले, "कोण हवंय?" खोलीत पलंग होता, शेगडी होती, खिडकीत लख्ख पुसलेला कंदील होता. अडगळ कुठेच नव्हती.

भाऊ बोलावला गेला. तो हसत आला आणि हळूहळू हसायचा थांबला. "मी सांगणारच होतो गं, ताई," तो म्हणाला. "राहून गेलं."

"घर विकायचं राहून गेलं नाही," ताई म्हणाली. "फक्त मी राहून गेले."

वकीलबाईंनी चौथ्या मजल्यावर येऊन सारे सांगितले. कागदावर मालक एकटा भाऊ आहे. पण जी व्यक्ती वर्षानुवर्षे राहते आहे, तिला विचारल्याशिवाय घर घेणे म्हणजे भांडण घेणे. सोडून द्यावे हे उत्तम. काका जमिनीकडे बघत बसले होते. घर गेले होते, आणि ते आपल्या गप्प बसण्याने गेले की बाईंच्या शोधण्याने गेले, हे त्यांना ठरवता येत नव्हते.

"ती ताई," काकू म्हणाल्या, "एकटीच राहते?"

"हो."

"संध्याकाळी घरीच असते?"

"हो."

"बोलते का?"

वकीलबाईंनी क्षणभर विचार केला. पक्षकाराची नसलेली गोष्ट सांगायला हरकत नव्हती. "खूप," त्या म्हणाल्या. "मला निघताच येईना."

"मग तिला हलवायचं कशाला?" काकू म्हणाल्या. "खोली तिची तिला राहू दे. तसं लिहा. भावाला म्हणावं, घराचा भाव तेवढा खाली आण. आणि अहो, तुम्ही असे तोंड पाडून काय बसलात? पाणी आणा बाईंना."

तसेच लिहिले गेले. ताई आहे तोवर मागची खोली तिची. बाकीचे घर काकाकाकूंचे. भावाने भाव कमी केला. या वेळी त्याला हसू आले नाही, पण ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा रडू आले. तो विसराळू होता, वाईट नव्हता.

काकू प्रत्येक मजल्यावर टेकत, थांबत, चार जिने उतरल्या. प्रत्येक दारातून कोणीतरी बाहेर आले, आणि काकूंनी प्रत्येकाला सांगितले की ही मी चालले. शेवटच्या पायरीवर त्यांनी वर पाहिले नाही. टोपली बरोबर घेतली होती.

काका जे इतकी वर्षे पोटात ठेवून होते, ते काकूंना नव्या अंगणात पहिल्याच संध्याकाळी ताईकडून समजले, मूळ कुलूप कोणी बसवले यासह. त्या काही बोलल्या नाहीत. ही त्यांच्या संसारातली अपूर्व घटना होती.

चार दिवसांनी ताई टपरीवर आली. तिने पदराची गाठ सोडली आणि ती जुनी किल्ली काकांपुढे धरली.

"दुसरी करून द्या," ती म्हणाली. "काकूंकडे असू दे. मी कामावर असताना त्यांना माझी खिडकी उघडायची असते."

काकांनी कोरी किल्ली शिकंज्यात लावली आणि कानस हातात घेतली. प्रत्येक दात त्यांनी असा घासला, की जणू नामच घेत आहेत. संध्याकाळी ती किल्ली त्यांनी मुठीत धरून घरी नेली आणि काकूंच्या हातात ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून."

"किल्ली सांभाळून धर," काका म्हणाले. "अजून गरम आहे."