रक्त वाढलंय, सुट्टी द्या

वॉर्डातल्या रजिस्ट्रार डॉक्टरने केसपेपरवर ‘डिस्चार्ज’ लिहून सही ठोकली होती आणि शालूची आई गाठोडं बांधत होती. मी लॅबमधून जिने चढून वॉर्डात पोचले तेव्हा हे असं चाललं होतं.

मी नागपूरच्या एका सरकारी इस्पितळात लॅब टेक्निशियन होते. गोष्ट ऐंशीच्या सुमाराची. पावसाळा सरत आला होता आणि मुलांच्या वॉर्डात डेंग्यूचे रोगी एका खाटेवर दोन-दोन झोपवले होते. तिथे एक रीत पडली होती. लिहिलेली कुठेच नव्हती, पण सगळे पाळत. चार्टवर ताप एक दिवस नॉर्मल राहिला की सुट्टी. शालू नऊ वर्षांची. तिचा ताप आदल्या दिवशी उतरला होता.

मी गेले होते पीसीव्हीसाठी. ही चाचणी साधी असते. आकडे कोरलेल्या काचेच्या बारीक नळीत रक्त भरायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगरा फिरवणाऱ्या यंत्रात, अर्धा तास लावायचं. तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी उरतं. तांबडा भाग शंभरात किती, तो पीसीव्ही. डेंग्यूत काही रोग्यांच्या रक्तवाहिन्या गळायला लागतात. पाणी बाहेर झिरपतं, पेशी आत राहतात. रक्त दाट होतं आणि आकडा चढतो. एरवी चढलेला आकडा बघून आपण खूश होतो. इथे तो वाईट.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच पंधरवड्यात दोन मुलं ताप उतरून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी हातपाय गार पडून परत आली. दोघंही गेली. मी रजिस्टर उघडून त्यांचे आकडे काढले. दोघांचाही दुसरा पीसीव्ही पहिल्यापेक्षा बराच वर होता. आमच्या इन्चार्जना दाखवलं, तर म्हणाले, “बाई, आपण आकडे द्यायचे. अर्थ वरचे लावतात.”

वरच्यांनी अर्थ लावला नव्हता. म्हणून मी वर गेले.

“सर, हिचा पीसीव्ही परवा छत्तीस होता. आज सकाळी त्रेचाळीस आलाय.”

“मग?” रजिस्ट्रारने मान वर केली नाही. “रक्त वाढलंय. चांगलंच की.”

“चार दिवस पोरीच्या पोटात अन्न नाही. रक्त वाढेल कुठून?”

“मेश्रामबाई, तुमचं काम नळीपाशी. रोगी मी बघतो. व्हरांड्यात सहा पोरं एकशे चारवर फणफणलीत. त्यांना खाट कुणाची देऊ?”

प्रश्न खरा होता, म्हणून मला जास्त राग आला. फणफणलेली पोरं ओरडत होती, त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. शालू भिंतीकडे तोंड करून गप्प पडली होती. शहाणी मुलगी, असं सिस्टरही म्हणाली.

रिपीट टेस्टच्या स्लिपवर डॉक्टरची सही लागायची. रजिस्ट्रारने दिली नाही. मी तिच्या आईकडे वळले.

“हिचं रक्त अजून एकदा घेऊ दे वं माय.”

“आता काहून?” ती उखडलीच. “ताप उतरू द्या, ताप उतरू द्या म्हनत होते सारे. उतरला तं आता अडवून राहिल्या! रोज रोज रक्त काढता, पोरगी गळन नाही तं काय?”

“पोट दुखतं का तिचं?”

“दुखते म्हने थोडंसं.”

“हात धरून पाहा.”

तिने धरला. “थंडा आहे. ताप गेल्यावर थंडाच राहीन ना!”

“अर्धा घंटा थांब. मग मी स्वतः तुला खाली सोडते.”

“अर्धाच घंटा, बाई. इच्या बापाच्या गोदामातला ट्रक उभा आहे खाली. वाडीले तोच नेते आमाले. तो गेला का गेला.”

मी स्लिपशिवाय रक्त काढलं. नियम मोडला, हे मला माहीत होतं. अर्धा तास मी यंत्रापाशी उभी राहिले. आकडा आला अठ्ठेचाळीस.

सकाळची नळी अजून धुतली नव्हती. दोन्ही स्टँडमध्ये लावल्या आणि थेट मोठ्या सरांच्या ओपीडीत गेले. ते वॉर्डाचे प्रमुख. दारातल्या रांगेने मला शिव्या घातल्या, त्या बरोबरच होत्या.

“स्लिप कुठाय?” सरांनी विचारलं.

“नाही. एकाच पोरीचं रक्त आहे, सर. डावी नळी सकाळची, उजवी आत्ताची.”

त्यांनी स्टँड उजेडात धरला. “ताप?”

“कालपासून नाही.”

“आहे कुठे ती?”

“गाठोडं घेऊन जिन्यात बसलीय. ट्रकची वेळ झाली.”

सर उठले. जिन्यातच त्यांनी शालूची नाडी धरली आणि तिला उचलून आत नेलं. ब्लडप्रेशर घेतलं तर वरचा आकडा नव्वद, खालचा पंच्याहत्तर. हे दोन आकडे इतके जवळ आले की मूल शॉकमध्ये चाललंय असं समजायचं. सलाइन जोरात सुरू झालं. व्हरांड्यातल्या पोरांना खाट कुठून दिली, ते मला माहीत नाही, दिली मात्र. संध्याकाळी पीसीव्ही खाली आला. ट्रक केव्हाच निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी शालूची आई लॅबच्या दारात येऊन म्हणाली, “बाई, पोरगी भात मांगून राहिली. देऊ का?”

“मला काय विचारतेस? मी नळीवाली. वर विचार,” मी म्हटलं. तिला काही कळलं नाही. हसली आणि गेली.

आठवड्याने दोन कागद निघाले. पहिला वॉर्डासाठी: डेंग्यूच्या रोग्याचा ताप उतरल्यावर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पीसीव्ही करावा, त्याआधी सुट्टी देऊ नये. कारण लिहिलं होतं, ‘वॉर्डातील निरीक्षणावरून’. दुसरा मला, मेमो: स्लिपशिवाय चाचणी केली, परवानगीशिवाय वॉर्डात शिरले, खुलासा द्यावा. दोन्हींवर सही मोठ्या सरांचीच.

मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, “रजिस्ट्रारने लेखी तक्रार केलीय, बाई. फाइल पुढे सरकवावी लागते.”

मी खुलासा लिहिला: चाचणी केली हे खरे आहे. रोगी जिवंत आहे.

डेंग्यूत कोण बिघडणार, हे ओळखायला तेव्हाही मोठं यंत्र लागत नव्हतं. ताप उतरूनही जो गप्प पडतो, त्याची नळी दुसऱ्यांदा फिरवायची, एवढंच. तो मेमो माझ्या सर्व्हिस बुकात शेवटपर्यंत राहिला. काढून टाकण्यासाठी अर्ज कर, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मी केला नाही. ती चाचणी लॅबने आपणहून केली होती, असं सांगणारा सरकारी कागद तेवढा एकच आहे.