शकीलच्या मोबाईलवरचा अलार्म

शकीलच्या कॉम्प्युटरवर मी रिबेस सुरू केला होता. शकील आमच्या ऑफिसातला. महिन्यापूर्वी सुप्याजवळ अपघातात गेला. दुधाच्या टाक्या तापल्या की मोबाईलवर अलार्म पाठवणाऱ्या प्रोग्रामचं त्याचं काम त्या मशीनवरच अर्धवट राहिलं होतं, आणि कोल्हारच्या दूध केंद्राला ते हवं होतं. त्याच्या खुर्चीत बसायला कोणी तयार होईना. मी बसले.

रिबेस म्हणजे आपले बदल उचलून सगळ्यांच्या ताज्या कोडवर पुन्हा रचायचे. एकच ओळ दोघांनी वेगवेगळी बदलली असेल तर गाडी अडते, त्याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. कोणती ओळ ठेवायची ते माणसाने ठरवायचं.

इथे गाडी अडली, पण ठरवायला काही उरलंच नव्हतं. शकीलने गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक सोय चालू ठेवली होती. तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा आला की गिट त्याचा जुना निर्णय आपणहून लावायचं आणि फाईल स्टेज करायचं, म्हणजे पक्की करायला तयार ठेवायचं. स्क्रीनवर तसा मेसेज आला आणि माझे डोळे भरून आले.

"सुटला का कॉन्फ्लिक्ट?" साहेबांनी विचारलं.

"शकीलनेच सोडवलाय."

"मग जाऊ दे पुढं. त्याच्या कामात काय बघायचं?"

गेलेल्या माणसाचं काम तपासणं माझ्याही जिवावर आलं होतं. फाईल न उघडताच मी कंटिन्यू केलं.

त्याच आठवड्यात प्रोग्राम केंद्रावर सुरू झाला, आणि एका दुपारी सोनईहून शकीलच्या बायकोचा, रेहानाभाभींचा फोन आला.

"ताई, ह्यांच्या मोबाईलवर मेसेज आलाय. कोल्हारची टाकी गरम झालीय म्हनं. आता कुनाला सांगू?"

मी केंद्रावर फोन लावला. कॉम्प्रेसर बंद पडला होता. दूध थोडक्यात वाचलं. तिथल्या ऑपरेटरला अलार्म गेलाच नव्हता. चाचणीत खोटे अलार्म लई येतात, उगाच लोकांची धावपळ नको, म्हणून शकील दर वेळी त्या कॉन्फ्लिक्टमध्ये ऑपरेटरचा नंबर काढून स्वतःचा ठेवायचा. गिटने तेच केलं होतं.

संध्याकाळी नंबर बदलून भाभींना कळवलं, आता मेसेज येणार नाहीत.

"व्हय का," त्या म्हणाल्या. "मी रोज चार्जिंगला लावते तो. दुसरं कुनाचं काय येतंय त्याच्यावर."

जुने निर्णय लक्षात ठेवायची सोय आम्ही तशीच ठेवली. आपोआप स्टेज करणं तेवढं बंद केलं. आता फाईल उघडून, वाचून, हाताने स्टेज करतो. शकीलचीही वाचायला हवी होती. त्याला राग आला नसता.