तू मला ओळखत नाहीस

आमच्या आईला कॉलेजच्या घंटेचीसुद्धा भीती वाटते, आणि ती घंटा वाजवते तीच. कंत्राटी शिपाई आहे ती तिथे. मला नेमका त्याच कॉलेजात प्रवेश हवा होता. गेल्या वर्षी कॉलेजच्याच ड्रायव्हरच्या मुलाला 'आतून पेपर मिळाला असेल' म्हणून परत पाठवलं, तेव्हापासून आईची बोबडी वळलेली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात तालीम झाली. मी प्राचार्य. पोट पुढे काढून नाकातून 'हं, कोण आहे?' म्हटलं, तर आई हसायचं सोडून चटकन उभीच राहिली. मग तिनं बजावलं, उद्या मी चहा घेऊन आले की मान वर करायची नाही. फारच झालं तर सगळ्यांसारखं मावशी म्हणायचं. मी म्हणून दाखवलं. ते इतकं हुबेहूब जमलं की तिचा चेहराच पडला.

दुसऱ्या दिवशी माझ्याआधी एक मुलगा आत गेला. त्याच्या आजोबांचा फोटो त्याच खोलीच्या भिंतीवर. दार उघडंच होतं. प्राचार्य सरांनी त्याच्या आजीच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि 'तू काय, घरचाच' म्हणून पाठ थोपटली. मुलाखत संपली.

मला मात्र सरांचे आणि शेजारी बसलेल्या दोघांचे प्रश्नांवर प्रश्न. बरी उत्तरं देत होते, तेवढ्यात आई आली. तिच्या हातातले कप दारापासूनच खडखडत होते. एक बशी घसरली, आणि मी घरी उठते तशी उठून ट्रे धरला.

"दे इकडे, आई."

"आई?" सर म्हणाले.

"नाही हो साहेब," आई घाईघाईनं म्हणाली, "पोर घाबरलीय, काहीही बोलतेय."

ट्रे टेबलावर ठेवून मी सांगितलं, आईच आहे.

सरांनी चष्मा काढला. अगदी मायेनं म्हणाले, "मग पंचाईत आहे, बाळ. आता तुला घेतलं तर लोक म्हणतील, ओळखीनं घेतलं."

"मग मी उद्यापासून येत नाही, साहेब."

हे आई म्हणाली. तिच्या आवाजाची नक्कल मी रोज करते. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

आईनं सगळ्यांपुढे कप ठेवले. सरांनी एक घोट घेतला आणि मला पुढचा प्रश्न विचारला. उत्तर मला येत होतं. पण नोकरी सोडलेली माझी आई रिकामा ट्रे छातीशी धरून दाराशीच उभी होती, सर 'जा' म्हणतील याची वाट बघत.