मीटरवाल्याचा ताप

माझ्या सासऱ्यांनी सगळी नोकरी विजेची मीटरं वाचण्यात काढली. त्यांचं काम नुसतं आकडे टिपण्याचं नव्हतं. कुणी सील तोडलंय का, कुणी मागून वेगळी वायर ओढलीय का, हेही त्यांनाच बघायचं असायचं. लोक हसतमुखाने दार उघडायचे, पाणी विचारायचे, आणि जिन्याखाली मीटर मंद चालावं म्हणून त्याला चुंबक लावलेलं असायचं. अशी कितीतरी हसरी तोंडं पाहून झाल्यावर माणसाचं काय होणार? हसणाऱ्या माणसाकडे ते आधी संशयाने बघायचे आणि न हसणाऱ्याकडे जरा जास्तच.

घरीही तेच. फळवाल्याच्या तराजूखाली वाकून बघायचे. दाराची कडी लावली की पुन्हा ओढून बघायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मी केलेला चहा ते आधी सासूबाईंपुढे सरकवायचे. सासूबाई एक घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मेले नाही हो अजून. प्या आता." मग ते प्यायचे. मला पहिल्यांदा रडू आलं होतं. नंतर नंतर मी दोघांसाठी दोन कप एकदमच ओतायला लागले.

त्या उन्हाळ्यात ते एका जुन्या इमारतीच्या मागे मीटर बघायला गेले. मीटरची पेटी उंच गवतात, आणि गवतात भटकी कुत्री पसरलेली. घरी आले ते पाय खाजवत. पुढच्या आठवड्यात ताप भरला. डोकं फुटेल असं दुखायला लागलं आणि मनगटांवर लाल ठिपके उठले. मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीच्या दाराशी ते थांबले आणि मला म्हणाले, "तू बाहेर बस."

"बाबा, काय सांगतात ते मीही ऐकते ना."

"कशाला? तुला काय करायचंय ऐकून?"

मी बाहेर बसले. ते आतून आले ते ओठ घट्ट मिटून. इतकंच कळलं की गुडघ्याच्या मागे गोचीड चिकटलेली सापडली, ताप तिचाच आहे, आणि डॉक्सीसायक्लीन नावाच्या कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या आहेत. कशा घ्यायच्या, हे मी विचारलं तर म्हणाले, "तोंडाने."

पुढे कधीतरी त्यांनीच कबूल केलं की बाई बोलत होत्या तेव्हा त्यांचं लक्ष टेबलावरच्या पेनाकडे होतं. पेनावर कुठल्याशा औषध कंपनीचं नाव होतं. तेवढ्यावरून त्यांनी मनात सगळा हिशोब मांडला होता की ही बाई आणि ती कंपनी यांचं काहीतरी आहे. त्या नादात निम्मं सांगणं कानावरून गेलं.

पहिल्या संध्याकाळी मी कॅप्सूल आणि पाण्याचा भरलेला ग्लास घेऊन गेले. त्यांनी ग्लास उजेडात धरला, हलवला, आणि खाली ठेवला.

"ठेव तिथे. घेतो मी."

ते पाणी मला सकाळी जसंच्या तसं मोरीत ओतावं लागलं. कॅप्सूल ते उशीला डोकं टेकवून, आडवे पडल्या पडल्या, कोरडीच गिळायचे. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सासूबाईंना ठाऊक होतं, पण त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन-तीन दिवसांत ताप उतरणीला लागला आणि एका सकाळी ते छाती धरून उठले. गिळताना आतून कुणी निखारा फिरवतंय असं दुखत होतं. घोटभर चहासुद्धा उतरेना. माझा नवरा घाबरून म्हणाला, "हृदयाचं असेल, चला आधी दवाखान्यात." सासरे त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"काल रात्रीचं कालवण कुणी केलं होतं?" त्यांनी विचारलं.

ते मीच केलं होतं. नवऱ्याने मान खाली घातली. मला राग त्यांचा आला नाही तितका त्या खाली गेलेल्या मानेचा आला.

दवाखान्यात जायला ते तयार होईनात. सासूबाईंनी तोडगा काढला. त्यांना स्वतःला पित्ताचा त्रास, म्हणून पांढऱ्या पातळ औषधाची बाटली घरात कायम असायची. "छातीत जळतंय म्हणजे पित्तच," म्हणाल्या. त्या दिवसापासून प्रत्येक कॅप्सूल सासूबाईंच्या हातून, कपभर दुधाबरोबर, आणि लगेच वर दोन चमचे ते पांढरं औषध. माझा हात कुठेच लागू द्यायचा नाही. सासरे निर्धास्त झाले. घरात विश्वास ठेवावा असं एकच माणूस होतं आणि औषध त्या माणसाच्या हातात होतं.

आणि उतरलेला ताप परत चढला.

आता तर त्यांची खात्रीच पटली. आपण औषध वेळेवर घेतोय, बायको स्वतः देतेय, तरी ताप हटत नाही, म्हणजे खोट औषधातच. मीटरचं सील तपासावं तशी त्यांनी पाकिटाची चमकती बाजू नखाने तपासली. मग कुणाला न सांगता, अंगात कणकण असताना, भर दुपारी डोक्यावर काही न घेता ते बाहेर पडले. लांबच्या एका दुकानात जाऊन चिठ्ठी दाखवून त्याच औषधाचं दुसरं पाकीट आणलं. दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. पहिल्यातल्या कॅप्सूल हिरव्या, नव्यातल्या निळ्या.

"बघ," ते सासूबाईंना म्हणाले. "पकडला की नाही?"

संध्याकाळपर्यंत त्यांचं कपाळ, नाक, मानेची मागची बाजू भाजल्यासारखी लाल झाली. जन्मभर उन्हात हिंडलेला माणूस, त्याला एका दुपारने असं कसं होईल? हा दुसरा पुरावा. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन्ही पाकिटं खिशात घालून ते आमच्या कोपऱ्यावरच्या, पहिलं पाकीट देणाऱ्या औषधवाल्याकडे निघाले. मी मागोमाग गेले, कारण ते पडतील याची भीती होती.

औषधवाला मध्यमवयाचा, हळू बोलणारा माणूस. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर हिरवं पाकीट काचेवर आपटलं.

"हे बनावट आहे. बोला, कुठून आणता असला माल?"

औषधवाल्याचा चेहरा पडला. पण तो भांडला नाही. त्याने दोन्ही पाकिटं हातात घेतली आणि सासऱ्यांपुढे फिरवली. "काका, कंपन्या दोन आहेत, म्हणून रंग दोन. आत औषध एकच. हे नाव वाचा, आणि हे वाचा. दोन्हींवर मुदतीची तारीखही पुढची आहे." मग तो त्यांच्या लाल मानेकडे बघत राहिला. "उन्हात गेला होतात का?"

"मी रोजच जातो."

"या औषधावर असताना कातडी ऊन सोसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल."

सासऱ्यांनी मानेवरून हात फिरवला. औषधवाल्याने विचारलं, "घेता कशाबरोबर?"

"ते घरातलं आहे. तुम्हाला काय करायचंय?"

मग मीच पुढे झाले. इतके दिवस गप्प बसले होते, तिथे बसवेना. "दुधाबरोबर घेतात," मी म्हटलं. "वर लगेच पित्ताचं पांढरं औषध. आणि त्याआधी पाण्याशिवायच घेत होते, सासूबाई सांगत होत्या. छातीत दुखतंय, घास उतरत नाही."

औषधवाल्याने कपाळाला हात लावला. "ताई, यांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या. चूक औषधाची नाही."

"म्हणजे माझी?" सासऱ्यांचा आवाज चढला.

"काका, तुम्ही कॅप्सूल गिळत होता, पण ती पुरती अंगी लागत नव्हती."

डॉक्टरीणबाईंनी या वेळी मला बाहेर बसू दिलं नाही. सासरे काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "सून ऐकेल, नाहीतर मी सांगणार नाही." मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाण्याविना, आडवं पडून गिळलेली कॅप्सूल अन्ननलिकेतच चिकटून विरघळली होती आणि तिथे जखम झाली होती. छातीतलं दुखणं ते. दुधातलं कॅल्शियम आणि पित्ताच्या औषधातले क्षार या औषधाला पोटात धरून ठेवतात, पुरेसं रक्तात जाऊ देत नाहीत. ताप परतला तो त्यामुळे. आता कॅप्सूल बसून, भरल्या ग्लासाने घ्यायची आणि निदान अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. दूध, पित्ताचं औषध, हाडांच्या किंवा रक्तवाढीच्या गोळ्या त्या वेळेपासून काही तास लांब. उन्हात जायचं तर अंग झाकून. आणि ताप गेला म्हणून मधेच सोडायचं नाही.

"हे मी मागच्या वेळीही सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

"पेन तुमचं कुठल्या कंपनीचं आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

बाईंनी पेन उचलून पाहिलं. "कुणास ठाऊक. पेशंट विसरून गेला असेल. हवंय का?"

घरी आल्यावर सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून रडल्या. "मीच दिलं ना माझ्या हाताने," एवढंच म्हणत राहिल्या. सासरे त्यांच्यासमोर उभे राहिले. शेवटी म्हणाले, "तुझ्यावर मी कधी संशय घेतला नाही, तिथेच चुकलं." हे समजावणं होतं की टोमणा, ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. सासूबाई मात्र रडता रडता हसल्या.

ताप गेला. गिळणं सुधारायला थोडा वेळ लागला, तोवर तांदळाच्या मऊ खिमटावर राहिले. पाण्याचा ग्लास मी भरायचे. ते उजेडात धरायचेच, पण पूर्ण प्यायचे.

त्यानंतर काही महिन्यांनी मला दिवस राहिले. पाचव्या महिन्यात घसा धरला आणि ताप आला. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे त्या चांगल्या भारी कॅप्सूल उरल्यात ना? त्याच घे. दवाखान्यात उगीच कशाला हेलपाटा?" ते दुसरं पाकीट कपाटात जवळजवळ भरलेलं पडून होतं. सासूबाई आणायला उठल्यासुद्धा. नवरा म्हणाला, "बाबांना गुण आला, तुलाही येईल."

सासरे खुर्चीत बसून काकूंकडे बघत होते. तीच मीटर तपासणारी नजर.

"तुम्ही डॉक्टर केव्हा झालात?" त्यांनी काकूंना विचारलं.

काकू ओशाळून उठून गेल्या. सासरे मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी ते पाकीट उचललं, डोक्याला पंचा गुंडाळला आणि कोपऱ्यावर गेले. त्याच औषधवाल्याकडे, ज्याला सगळ्यांसमोर चोर ठरवलं होतं. मला हे औषधवाल्यानेच नंतर सांगितलं. काका बराच वेळ बाजूला उभे राहिले म्हणे, गिऱ्हाईकं जाईपर्यंत. मग हळूच विचारलं, "पोटुशी बाईला हे चालतं का? खरं सांगा."

"मनाने अजिबात देऊ नका," तो म्हणाला. "पोटातल्या बाळाच्या दातांवर, हाडांवर परिणाम होतो. तिला डॉक्टरांकडे न्या, आणि उरलेलं पाकीट घरात ठेवू नका, माझ्याकडे द्या."

ते मला घेऊन दवाखान्यात गेले. बाईंनी तपासून वेगळं, माझ्या अवस्थेला चालणारं औषध लिहून दिलं. सासऱ्यांनी त्यांना तीनदा विचारलं की हे कशाबरोबर घ्यायचं, कशाबरोबर नाही, आणि बाळाला काही होणार नाही ना. बाईंनी तिन्ही वेळा न चिडता सांगितलं.

मुलगी झाली. तिच्या बाळसेदार गालांकडे बघून सगळे तिला घ्यायला हात पुढे करायचे, आणि सासरे दारात उभं राहून प्रत्येकाला म्हणायचे, "आधी हात दाखवा. धुतलेत का?"