तीन विलायती कानशी

परवा चंद्रपुरात हार्डवेअरच्या दुकानात एक बारीक कानस घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "आजी, नखाची पाह्यजे का? थे बाजूच्या जनरल स्टोअरमधी भेटन." म्हटलं, नखं नाहीत, बैलगाडी घासायचीय... त्याने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

त्याने दाखवलेली कानस मी अंगठ्याच्या नखावर फिरवून पाहिली. नुसती घसरली. परत केली आणि निघाले, पण घरी येईपर्यंत सत्तर वर्षांपूर्वीचं सगळं आठवत राहिलं.

लग्न होऊन साताऱ्याहून थेट आलापल्लीच्या पुढच्या जंगलात आले, तेव्हा मी अठरा वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. हे फॉरेस्टमध्ये रेंजर. पावसाळा संपला की कॅम्पवर जायचे, ते पंधरा-पंधरा दिवस घरी यायचे नाहीत.

क्वार्टरला शेजार नव्हता. पाणी भरायला एक बाई यायची, पण ती गोंडी बोलायची आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती गेली की दिवसभर बाहेर साग आणि आत मी... माहेरी लिहायचं तरी काय? तिथे सगळ्यांना वाटत होतं, पोरीने नशीब काढलं.

माझे वडील ड्रॉइंग मास्तर. त्यांच्या शेजारी बसून लाकडाच्या छोट्या छोट्या वस्तू करायचा मला नाद होता. अंगणात फॉरेस्टची बंडी, म्हणजे तिकडची बैलगाडी, उभी असायची, मला आणि माझ्या ट्रंकेला घेऊन आलेली तीच. एका दुपारी ह्यांचा टेप काढला, बंडी मोजली आणि ठरवलं, फुटाला एक इंच या मापाने हुबेहूब अशीच करायची.

हत्यारं काय, तर भाजीची सुरी आणि ह्यांचं दाढीचं जुनं ब्लेड! एकामागून एक चार चाकांची वाट लागली. आरे बसेनात, बोटं मात्र रोज कापायची. शेवटी बाजाराच्या दिवशी गावात नथ्थूभाऊ सोनाराकडे गेले, कारण इतकं बारीक काम करणारा माणूस तिथे तो एकच.

मी त्याच्या कानशी विकत मागितल्या आणि तो कानाला हात लावून म्हणाला, "सोनार आपले हत्यार विकत नाई, बाई! दिवाळीच्या मालासाठी नागपूरले चाललो, थिथून आणतो तुमच्यासाठी. कानस घ्याची तं नखावर फिरवून पाहाची. पकडली तं घ्याची, घसरली तं ठेवून द्याची."

मग दर बाजाराला मी विचारायला जाऊ लागले. जाताना चाक फडक्यात बांधून न्यायची, म्हणजे मापाचा अंदाज त्याला यावा. नागपूरहून त्याने तीन विलायती कानशी आणल्या, एक चपटी, एक गोल, एक तिकोनी. केसासारख्या पात्याची करवतही आणली, आणि छत्रीच्या काडीला धार लावून भोकं पाडायचं गिरमिट स्वतःच्या हाताने करून दिलं.

त्या दिवशी घरी येताना मी एकटीच हसत होते. किती महिन्यांनी, कोण जाणे.

घासताना पाटल्या मध्ये यायच्या. म्हणून काढून तांदळाच्या डब्यात ठेवल्या... आणि तिथेच घोटाळा झाला. रेंजरसाहेबांची बायको दर बाजाराला पदराखाली पुरचुंडी घेऊन सोनाराकडे जाते, आणि आता तर हातही ओकेबोके! गावाने काय समजायचं ते समजलं. आमच्या नाकेदाराने, म्हणजे फॉरेस्ट गार्डने, कॅम्पवर जाऊन ह्यांच्या कानावर घातलं, "साहेब, बाईसाहेब गहनं विकून राह्यल्या. माहेरी जाची तयारी दिसते."

भर दुपारी दार वाजलं. हे उभे होते, चौदा मैल चालून आलेले, गुडघ्यापर्यंत लाल धूळ. माझ्या चेहऱ्याकडे नाही, मनगटांकडे बघत होते.

"जायचं असेल तर मी स्वतः बल्लारशाला गाडीत बसवून देतो," हे म्हणाले. "पाटल्या कशाला विकल्यास?"

मी आधी खो खो हसले. आणि मग जे रडू आलं, ते थांबेचना. कारण गावाचं पाटल्यांचं चुकलं होतं, जाण्याचं नव्हतं. एकेक आरा घासताना माझ्या मनात तेच असायचं... या बंडीत बसावं आणि निघून जावं. ते मी तसंच ह्यांना सांगून टाकलं.

ह्यांनी टेबलावरची बंडी उचलली आणि बोटाने चाक ढकललं. "फिरतंय की," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी परत कॅम्पवर गेले. माझं एकटेपण काही संपलं नाही, खोटं कशाला सांगू! पण त्यानंतर प्रत्येक वेळी खिशातून तिवसाचा एखादा तुकडा निघायचा. खऱ्या बंडीला तेच लाकूड लागतं म्हणे. आणि बूट काढायच्या आधी प्रश्न, "कुठवर आली गाडी?"

हे जाऊन आता अकरा वर्षं झाली. मुलं आपापल्या गावी सुखात आहेत. गेल्या महिन्यात कपाट पुसताना बंडीचं जू मोडलं, आणि तिकोनी कानस पार झिजलेली, म्हणून तर दुकानात गेले होते. शेवटी परवा जुन्या चपट्या कानशीवरच भागवलं. नथ्थूभाऊची कानस, अजून नखाला पकडते.

जू बसलं. हात धुताना लक्षात आलं, जुन्या सवयीने पाटल्या काढून तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या.

आज तिसरा दिवस. कुणाच्या लक्षातही आलेलं नाही... मी मुद्दामच अजून डब्यातून काढल्या नाहीत.