निपाणीला येणारी गाडी

अण्णांशी बोलायला गेलं की आधी उजव्या हाताचा पंजा वर व्हायचा. "थांबा मास्तर, गाडी येतीया."

मग आपण दारातच उभं राहायचं. पोत्यांच्या डोंगरामागून किल्लीचं इंजीन दोन डबे ओढत बाहेर पडे, काचेच्या नदीवरचा पूल ओलांडी आणि खुरडत खुरडत ठेसनात येऊन थांबे. तेव्हा कुठं पंजा खाली येई. "हां, बोला आता."

मी बेळगावच्या टिळकवाडीतला. निपाणीच्या हायस्कुलात नोकरी लागली आणि त्यांच्या तंबाखूच्या वखारीवर माडीची खोली भाड्यानं मिळाली. खालची वखार दोघा जैन भावांची. व्यापार थोरले बघत. धाकट्यांकडे माल निवडून घ्यायचं काम. गाव त्यांना अण्णा म्हणे, मीही म्हणू लागलो. अंगानं जाड, आवाज बारीक, आणि कानात कायम अत्तराऐवजी पेन्सिलीचा तुकडा.

निपाणीला रेल्वे नाही. गाडी पाहायची तर चिकोडी रोडला जायचं, नाहीतर कोल्हापूरला. अण्णांनी मात्र ती वखारीच्या मागच्या खणात आणून ठेवली होती. बेळगावच्या कॅम्पात कुणी साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्या सामानाच्या लिलावात हे इंजीन त्यांना मिळालं. थोरल्यांनी कपाट आणायला पाठवलं होतं. कपाट राहिलं, हे आलं.

रूळ कमी पडले तेव्हा त्यांनी गठ्ठ्यांना आवळायच्या लोखंडी पट्ट्या उभ्या कापल्या आणि सागाच्या चिपांना खाचा पाडून त्यात बसवल्या. डोंगर गोणपाटाचे, खळीत भिजवून वाळवलेले. झाडं घोसाळ्याच्या जाळीची, हिरव्या रंगात बुडवलेली. आणि जमीन? जमीन चाळलेल्या तंबाखूच्या चुऱ्याची! रंग अगदी आमच्या मातीचा. पण बघायला वाकलेला माणूस शिंकल्याशिवाय परत जात नसे. शिंकेनं झाडं उडत. अण्णा ती उचलून पुन्हा लावत.

मला कुतूहल वाटे ते वेगळ्याच गोष्टीचं. ही गाडी नुसती गोल फिरत नव्हती. चिकोडी रोडहून निघून, चिकोडीच्या माळावरून ती निपाणीला येत होती. माळाचा चढ कळावा म्हणून अण्णा पाण्याची अर्धी भरलेली बाटली घेऊन तो सगळा रस्ता चालले होते. बाटली जमिनीवर आडवी ठेवायची आणि पाणी कुठं कलतंय ते बघायचं.

"पण अण्णा, निपाणीला गाडी येणार, असं कुणी म्हटलंय का?"

"कोन न्हाय."

"मग?"

"आली तर कुटनं येईल, ते बघाय नको?"

इंजिनाशी ते कानडीत बोलत. चढावर ते धापा टाकायला लागलं की कानाशी वाकून म्हणत, "मेल्लक होगप्पा, मेल्लक." हळू जा बाबा, हळू. आमच्याशी मराठी आणि इंजिनाशी कानडी का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "माझी आई बैलांशी कानडीच बोलायची."

बाजारादिवशी गर्दी होई. लोक आपापलं गाव शोधत, ओढा शोधत, आणि सापडला की एकमेकांना हाका मारून दाखवत.

अशाच एका बाजाराला आप्पा आले. जवळच्या खेड्यातले शेतकरी. त्यांची तंबाखू वर्षानुवर्षं याच वखारीत यायची. बराच वेळ ते वाकून पाहत राहिले. शिंकले. मग एका जागी बोट ठेवलं.

"अण्णा, हितं माझी हीर हाय."

अण्णांनी पाहिलं. बोट बरोबर रुळावर होतं.

"व्हय की. तितनंच सपाट जागा हाय."

"हिरीवरनं रूळ नेलासा?"

"अहो, खेळन्यातली गाडी हाय आप्पा."

"खेळन्यातली हाय, तर सरकवाय काय हुतंय?"

लोक हसले. आप्पा हसले नाहीत. ती विहीर खोदताना दरड कोसळली आणि त्यांचा थोरला भाऊ त्यात गेला, हे आम्हाला तेव्हा कळलं. घरचे म्हणत होते बुजवून टाका. आप्पांनी एकट्यानं ती पुढं खोदली आणि पाणी लागलं. "त्येचं नाव घिऊन आम्ही पानी पितो," एवढंच बोलून त्यांनी पटका सारखा केला आणि ते निघून गेले.

गर्दी पांगल्यावर अण्णांनी त्या जागचे रूळ उपसले. विहिरीला वळसा घालून पुन्हा बसवले. इंजीन वळणावर आलं आणि उलटलं. वळण थोडं सैल केलं, तरी उलटलं. कितीतरी दिवस मी शाळेतून परतलो की खालून पडल्याचा आवाज यायचा आणि मागोमाग अण्णांचं कानडी.

शेवटी त्यांनी तो सगळा पट्टाच उखडला. माळावरून खाली उतरायची वाट बदलली, रूळ गावाच्या दुसऱ्या अंगानं आणले. आता गाडी झोकात वळत होती. एक दिवस मी नीट निरखून पाहिलं आणि दचकलो. चुन्यानं रंगवलेली एक लांबट इमारत तिथून नाहीशी झाली होती.

"अण्णा, आपली वखार कुठाय?"

"काढली. रूळ तिच्यातनंच जात्यात."

"मग आपण आत्ता कुठं उभे आहोत?"

"रुळावर," ते म्हणाले आणि खुदकन हसले.

थोरल्यांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. त्या खणात ते पहिल्यांदाच आले असावेत. "वडलांची वखार मोडलीस? खेळात का असंना, आसलं अशुभ करत्यात व्हय रं?"

अण्णा खाली बघत उभे राहिले. मला वाटलं, आता सगळं जाणार. मग बारीक आवाजात ते म्हणाले, "दादा, त्येची हीर बुजवून आपली वखार राखली हुती. हात सरंना माझा."

कुणाची विहीर, ते थोरल्यांनी विचारलं नाही. एव्हाना गावात ती सगळ्यांना ठाऊक झाली होती. त्यांनी इंजीन उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, जागेवर ठेवलं. "सोड बघू येकदा."

अण्णांनी किल्ली दिली. गाडी माळावरून उतरली आणि जिथं त्यांच्या वडिलांची वखार होती तिथून निघून गेली. थोरले पार खाली वाकून बघत होते. मग त्यांना एवढी जोराची शिंक आली की अर्धं रान आडवं झालं.

"आनि यक डाव सोड," डोळे पुसत ते म्हणाले.

पुढच्या बाजाराला आप्पांना बोलावणं गेलं. ते आले, विहीर मोकळी झालेली पाहिली, आणि कमरेच्या बटव्यातून पान काढून त्यांनी अण्णांपुढं धरलं.

तंबाखूचा चुरा अण्णांच्या छातीत कधी बसला, कोण जाणे. खोकला वाढत गेला. मिरजेला दाखवायचं ठरलं. थोरले त्यांना घेऊन निघाले, चिकोडी रोडपर्यंत सोडायला मीही गेलो. मोटारीत अण्णा डोळे मिटून पडून होते. फलाटावर पोचल्यावर मात्र म्हणाले, "मास्तर, जरा उटवून बसवा." मी पाठीला हात दिला. ते रूळ बघत बसले.

"सांद्यात मोकळी जागा सोडल्या, बघितलासा? उन्हानं लोखंड वाढतंय म्हनून आसंल. हे मला कळलंच नव्हतं."

गाडी आली. थोरल्यांनी त्यांना आत चढवलं, खिडकीशी बसवलं. गाडी हलली. मी हात वर केला, पण अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. पुढं रूळ वळतात तिकडं, खिडकीबाहेर डोकं काढून, इंजीन वळण कसं घेतं ते बघत होते. थोरले आतून त्यांचा सदरा धरून मागं ओढत होते आणि ते आणखी बाहेर वाकत होते.