पंच्याखालचा पासवर्ड

पासवर्ड टाकण्याआधी म्हात्रेकाका कीबोर्डवर पंचा अंथरायचे आणि हात त्याखाली घालून टाइप करायचे. खोलीत दुसरं कोणी नसलं तरीही.

पेणच्या एका गणपती कारखान्यातल्या नोंदी त्यांनी वह्यांतून डेटाबेसमध्ये आणल्या होत्या. कोणती मूर्ती, कोणता कारागीर, मूर्ती कुठे मोडली. त्या डेटाबेसला आलेख काढणारं सॉफ्टवेअर जोडायला मालकांनी मला रोह्याहून बोलावलं.

"तुमी वाचा. लिवायचं नाय," म्हणत काकांनी मला वाचण्यापुरता युजर दिला. त्याचा पासवर्ड माझ्याच लॅपटॉपवर, पण पंच्याखालून टाकला. चहाला उठलो तरी लॅपटॉप मिटायला लावायचे. हा माणूस काहीतरी लपवतोय, असं मला वाटू लागलं.

तिसऱ्या दिवशी मूर्ती आणि कारागीर ही दोन टेबलं जोडून मी आलेख काढला. मोडलेल्या मूर्तींपुढे सगळ्यांत उंच पट्टी सुमनताईंची होती. त्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत.

मालकांनी त्या पट्टीवर बोट ठेवलं. "हिला या हंगामाला नको. म्हात्रे, तुम्हाला ठाऊक होतं?"

काकांनी उत्तर माझ्याकडे बघून दिलं. "जोडलंत बराबर. पन इचारलंत कोनाला?" मग दाराशी जाऊन हाक मारली. "गो सुमन, पोरींच्या हातून मूर्तीचं बोट मोडलं तर काय करतात?"

"माझ्याकडं आनतात. दुसरं कोन हाय जोडायला?"

"नि नाव कोनाचं लिवतात?"

"जोडनाऱ्याचं. मोडनाऱ्याचं लिवायचं नाय, हे थोरल्या शेठनीच सांगितलेलं."

थोरले शेठ म्हणजे मालकांचे वडील. मालक खुर्चीतून उठले आणि बाहेर गेले. पट्टीवरचं 'मोडलेल्या मूर्ती' पुसून मी 'सावरलेल्या मूर्ती' लिहिलं. सुमनताई त्या हंगामातही आखणीला बसल्या.

काकांचा माझ्यावरचा संशय मात्र गेला नाही. काम संपल्यावर मी एसटी स्टँडवर पोचायच्या आत त्यांनी माझा युजर बंद केला होता.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मुलीला आलेख समजावून द्यायला मी त्या दिवशी तिथे होतो. काकांनी शेवटचा एकदा पंचा अंथरला, काही टाइप केलं, पंचा घडी घालून पिशवीत ठेवला. पडद्यावर त्यांचा स्वतःचा युजर बंद झालेला दिसला.

"आजपासून मी पन भायेरचा," ते तिला म्हणाले. "उद्या मी फोन करून पासवर्ड मागितला, तरी देऊ नको गो."